वॉलेसची माफी खरी होती का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी १९६३ मध्ये वर्णभेद कायम राहील अशी गर्जना केली. पुढे त्यांनी माफी मागितली आणि १९८२ मध्ये त्याच राज्यातल्या कृष्णवर्णीयांची मतं घेऊन ते पुन्हा गव्हर्नर झाले. हा माणूस खरंच बदलला, की सगळं मतांचं राजकारण?

तीसेक वर्षं मी अमेरिकेचं राजकारण शिकवलं. वॉलेसवरचा तास संपत आला की मागच्या बाकावरून हा प्रश्न यायचाच. पूर्वी मी दोन्ही बाजू मांडून, घंटा झाली की सुटायचो. आता निवृत्त आहे, घंटा होत नाही. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा. आपल्याकडे बातम्यांत अमेरिकेच्या गव्हर्नरला बिनदिक्कत 'राज्यपाल' म्हणतात आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. तिथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो. राज्याचं बजेट, पोलीस आणि नेमणुका त्याच्या हातात असतात. म्हणजे तुलना करायचीच तर आपल्या मुख्यमंत्र्याशी करा. दुसरं असं, की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचा एकछत्री अंमल होता. नोव्हेंबरमधलं मतदान नावापुरतं, खरी झुंज पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. आणि त्या प्रायमरीत मत देणारे जवळजवळ सगळे गोरे, कारण साक्षरतेच्या चाचण्या, पोल टॅक्स (मत द्यायचं तर भरायचा कर) आणि उघड दहशत यांनी बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदारयादीपासून लांब ठेवलेलं. वॉलेसचं पूर्वायुष्य वाचताना हे गणित डोक्यात ठेवायचं.

जन्म २५ ऑगस्ट १९१९ चा, बार्बर काउंटीतल्या क्लायो नावाच्या छोट्या गावातला. वडील शेतकरी, तब्येतीनं तोळामासा, १९३७ मध्ये गेले. पोरगा अंगानं लहान पण चिवट. १९३६ आणि १९३७ अशी दोन वर्षं तो मुष्टियुद्धात बॅन्टमवेट या हलक्या वजनी गटात राज्याचा गोल्डन ग्लोव्ह्ज विजेता होता. पुढे आयुष्यभर तो बोलायचा तेही मुठी वळूनच. अलाबामा विद्यापीठात मिळेल ते काम करत वकिली शिकला. युद्धात बी-२९ बॉम्बरवर फ्लाइट इंजिनिअर म्हणून जपानवरच्या मोहिमांत गेला. त्या ताणापोटी सरकारनं त्याला १० टक्के मानसिक अपंगत्व मंजूर केलं होतं. पुढे एका सिनेटरनं ते भर सभागृहात काढलं, तर हा म्हणाला, मी ९० टक्के शहाणा असल्याचा सरकारी कागद माझ्याकडे आहे, तुमच्याकडे आहे का? अशा हजरजबाबी माणसाला हरवणं कठीण असतं.

तो सुरुवातीपासून विखारी होता, असं समजू नका. १९४६ मध्ये आमदार झाला तेव्हा तो 'बिग जिम' फॉल्सम या गव्हर्नरच्या गोटात होता. फॉल्सम सहा फूट आठ इंचांचा, दारूबाज, गरिबांच्या बाजूचा आणि त्या काळाच्या मानानं वंशाच्या प्रश्नावर मवाळ. टस्कीगी ही कृष्णवर्णीयांची नामांकित शिक्षणसंस्था. तिच्या विश्वस्त मंडळावर मला घ्या, असं वॉलेसनं स्वतःहून फॉल्समकडे मागितलं होतं. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमनच्या नागरी हक्कांच्या धोरणावर चिडून दक्षिणेतल्या कित्येक प्रतिनिधींनी पक्षाच्या अधिवेशनातून सभात्याग केला. वॉलेसनं विरोध नोंदवला, पण खुर्ची सोडली नाही.

मग तो जिल्ह्याचा न्यायाधीश झाला. इथला एक प्रसंग मी वर्गात नेहमी सांगायचो. सेल्माचे जे. एल. चेस्टनट हे कृष्णवर्णीय वकील काही गरीब कापूस शेतकऱ्यांची बाजू घेऊन सरकीचं तेल काढणाऱ्या एका कंपनीविरुद्ध उभे होते. शेतकरीही कृष्णवर्णीय. कंपनीचे गोरे वकील या लोकांचा उल्लेख 'ही माणसं' असा तुच्छतेनं करू लागले. वॉलेसनं त्यांना तिथल्या तिथे दटावलं आणि चेस्टनटना 'मिस्टर चेस्टनट' म्हणून हाक मारली. तेव्हा तिथे कृष्णवर्णीय पुरुषाला, तो साठीचा असला तरी, गोरा माणूस पहिल्या नावानं किंवा 'बॉय' म्हणून हाक मारायचा. आपल्याला कोर्टात 'मिस्टर' म्हणणारा हा पहिला न्यायाधीश, असं चेस्टनटनी पुढे सांगितलं. निकालही शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला.

हा प्रसंग वॉलेसच्या बाजूनं पुरावा म्हणून सांगतात. मला तो त्याच्या विरुद्धचा सगळ्यात जड पुरावा वाटतो. त्याला कळत होतं.

१९५८ मध्ये तो गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरला. समोर जॉन पॅटरसन. पॅटरसनला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या दहशती संघटनेचा पाठिंबा, वॉलेसला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचा. वॉलेस सपाटून हरला. त्या रात्री तो सहकाऱ्यांना म्हणाला म्हणतात, की वंशद्वेषात समोरचा आपल्यावर चढ झाला, यापुढे कोणी चढ होऊ शकणार नाही. मूळ वाक्यात कृष्णवर्णीयांसाठीची शिवी क्रियापदासारखी वापरलेली आहे. तिचं मराठी होत नाही आणि करायची माझी इच्छाही नाही. आपण असं म्हणालोच नाही, असं वॉलेस शेवटपर्यंत सांगत राहिला. म्हणाला असो वा नसो, पुढची बारा वर्षं तो त्या वाक्याबरहुकूम वागला.

आणि लगेचच त्याला आपली युक्तीही सापडली. केंद्राच्या नागरी हक्क आयोगानं अलाबामातल्या मतदार नोंदणीचं दप्तर मागवलं. न्यायाधीश वॉलेसनं जाहीर केलं, दप्तर देणार नाही, मागायला येणाऱ्याला तुरुंगात टाकीन. प्रकरण फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातले न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्यापुढे गेलं. हे जॉन्सन लॉ कॉलेजातले वॉलेसचे दोस्त. त्यांनी सांगितलं त्याप्रमाणे वॉलेस रात्री त्यांच्या घरी आला आणि मला थोडीशी कैद दे म्हणाला, म्हणजे मतदारांपुढे हुतात्मा होता येईल. जॉन्सननी दाद दिली नाही. मग वॉलेसनं गुपचूप दप्तर स्थानिक ग्रँड ज्युरीकडे (खटला भरायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) सोपवलं आणि तिथून ते आयोगाला पोचेल अशी सोय केली. जॉन्सननी बेअदबीतून त्याला मोकळं केलं, पण यानं आडमार्गानं का होईना, आदेश पाळला आहे, हेही निकालात लिहून टाकलं. वॉलेस बाहेर येऊन दोस्ताला खोटारडा म्हणाला. लोकांनी वॉलेसवर विश्वास ठेवला. समोरून आडवं पडायचं आणि मागच्या दारानं वाट मोकळी करून द्यायची, हा त्याचा खाक्या तिथून सुरू झाला.

१९६२ मध्ये तो मोठ्या फरकानं गव्हर्नर झाला. १४ जानेवारी १९६३ रोजी माँटगोमेरीच्या कॅपिटॉलपुढे त्यानं ते कुप्रसिद्ध भाषण केलं : 'सेग्रिगेशन आज, सेग्रिगेशन उद्या, सेग्रिगेशन सदासर्वकाळ.' सेग्रिगेशन म्हणजे शाळा, बस, हॉटेल, पाणपोई, सगळं गोऱ्या-काळ्यांचं वेगळं. भाषण लिहिणारा एसा कार्टर हा क्लॅनचा माणूस. एकदा उन्हाळ्यात मी माँटगोमेरीला गेलो होतो तेव्हा ती जागा मुद्दाम पाहिली. कॅपिटॉलच्या देवडीत फरशीत एक पितळी तारा बसवलेला आहे. १८६१ मध्ये जेफरसन डेव्हिसनं गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली ती ही जागा, आणि याच जागेचा दाखला देत वॉलेस बोलला. ताऱ्यावर उभं राहून खाली उतरत्या रस्त्याकडे पाहिलं, तर डाव्या हाताला लाल विटांचं एक छोटं चर्च दिसतं. डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च. मार्टिन ल्यूथर किंग इथेच पाद्री होते, बसमधल्या वेगळ्या बाकांविरुद्धच्या बहिष्काराची आखणी करायला नेते इथेच जमले. चालत दोन-तीन मिनिटांचं अंतर. पुस्तकात वाचताना मला ही दोन ठिकाणं कुठेतरी लांब लांब असतील असं वाटायचं.

त्यानंतर ११ जून १९६३. टस्कलूसाला विद्यापीठाच्या फॉस्टर सभागृहाच्या दारात वॉलेस उभा राहिला. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्या, असा कोर्टाचा आदेश होता. फोटो तुम्ही पाहिला असेल : गव्हर्नर छोट्या मंचामागे ताठ उभा, समोर केंद्राचे उपमहान्यायवादी निकोलस कॅट्झेनबाख घामाघूम. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी, की कोणी कुठे उभं राहायचं याच्या खुणा जमिनीवर आधीच आखून ठेवल्या होत्या. मलोन आणि हूड त्या वेळी मोटारीत बसून होते, त्यांना दारापर्यंत आणलंच नाही. वॉलेसचं निवेदन वाचून झाल्यावर कॅट्झेनबाख मलोनला घेऊन सरळ तिच्या वसतिगृहात गेले. खोली तयार होती. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी राज्याचं नॅशनल गार्ड हे राखीव सैन्यदल केंद्राच्या ताब्यात घेतलं. दुपारी जनरल हेन्री ग्रॅहम यांनी गव्हर्नरला सॅल्यूट ठोकून, मोठ्या खेदानं, बाजूला व्हायला सांगितलं. वॉलेसनं आणखी चार वाक्यं म्हटली आणि तो निघून गेला. दोघांचे प्रवेश झाले. मलोन १९६५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली, त्या विद्यापीठाची पहिली कृष्णवर्णीय पदवीधर.

नाटकच होतं ते. पण नाटक बघणाऱ्या सगळ्यांना ते नाटक आहे हे ठाऊक नव्हतं. त्या सप्टेंबरात, बर्मिंगहॅममध्ये गोऱ्यांच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलांना घेण्याचा वाद पेटलेला असताना, वॉलेस एका वार्ताहराला म्हणाला, की हे थांबवायला दोन-चार अव्वल दर्जाच्या अंत्ययात्रा निघायला हव्यात. आठवडा-दीड आठवड्यात, १५ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी, बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये क्लॅनच्या लोकांनी पेरलेला बॉम्ब फुटला. चार मुली गेल्या, तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. आमच्या लेकरांचं रक्त तुमच्या हातांवर आहे, अशी तार किंगनी वॉलेसला केली. स्फोटाशी वॉलेसचा थेट संबंध कधी सिद्ध झाला नाही, कोणी तसा आरोपही ठेवला नाही. पण राज्याचा प्रमुख अंत्ययात्रांची भाषा बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्यांत कोण बसलेलं असतं, हे त्याच्याइतकं चांगलं त्या राज्यात कोणाला माहीत होतं? तो गल्लीबोळ फिरलेला नेता होता.

सेल्माचं बरंच लिहिलं गेलंय, म्हणून आटोपतं घेतो. ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेटस पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चाला राज्याच्या पोलिसांनी सोटे आणि अश्रुधूर घेऊन झोडपलं. हे पोलीस वॉलेसचे. पाच-सहा दिवसांनी तो राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना भेटायला वॉशिंग्टनला गेला. (हे दुसरे जॉन्सन, न्यायाधीश वेगळे.) सव्वासहा फुटी राष्ट्राध्यक्षांनी त्याला मऊ, खोल सोफ्यावर बसवलं. बुटका वॉलेस त्यात पार रुतला. मग स्वतः झुलत्या खुर्चीत बसून त्याच्या तोंडाशी तोंड आणून तीन तास बोलत राहिले. म्हणाले, जॉर्ज, तू मेल्यावर मागे काय हवं? 'यानं उभारलं' असं कोरलेलं संगमरवरी स्मारक, की 'यानं द्वेष केला' असं खरडलेली पाइनची फळी? वॉलेस बाहेर आल्यावर म्हणाला, आणखी थोडा वेळ थांबलो असतो तर या माणसानं मला नागरी हक्कांच्या बाजूनं बोलायला लावलं असतं.

उभारलं नव्हतं असं नाही. ज्युनियर कॉलेजं, धंदेशिक्षणाच्या शाळा, मुलांना फुकट पाठ्यपुस्तकं, हे सगळं त्याच्या काळातलं. गरीब गोरे त्याच्यावर जीव टाकायचे ते निव्वळ द्वेषापोटी नव्हे.

आता लर्लीन. बायकोचं प्रकरण चरित्रांत दोन परिच्छेदांत उरकतात, मला तिथे नेहमी अडायला होतं. राज्यघटनेप्रमाणे वॉलेसला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं. घटना बदलायचा त्याचा प्रयत्न राज्याच्या सिनेटनं हाणून पाडला. तेव्हा १९६६ मध्ये त्यानं लर्लीनला उभं केलं. ती सोळा वर्षांची, टस्कलूसात दुकानात काम करणारी मुलगी होती तेव्हा यांचं लग्न झालं होतं. १९६१ मध्ये बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांना तिच्या शरीरात संशयास्पद पेशी आढळल्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी ते नवऱ्याला सांगितलं आणि नवऱ्यानं तिला सांगितलं नाही. तिला कॅन्सर आहे हे उघड झालं तोवर चार वर्षं गेली होती. तरी ती उभी राहिली, जिंकली, जानेवारी १९६७ मध्ये गव्हर्नर झाली. कारभार नवराच चालवायचा हे जगजाहीर. पण एक गोष्ट तिची स्वतःची : टस्कलूसाच्या पार्टलो या मतिमंदांच्या संस्थेत ती गेली, तिथली मुलं पाहून रडली, आणि मग हट्टानं त्या संस्थांसाठी पैसा मंजूर करून घेतला. ७ मे १९६८ रोजी ती गेली. एक्केचाळीस वर्षांची होती.

महिन्याभरात वॉलेस पुन्हा प्रचारात. त्या वर्षीची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तो तिसऱ्या पक्षाकडून लढला. दोन्ही मोठ्या पक्षांत दमडीचाही फरक नाही, हे त्याचं पालुपद. आता तो 'काळे' हा शब्दसुद्धा वापरत नव्हता. कायदा आणि सुव्यवस्था, वॉशिंग्टनचे बाबू, डोक्यावर बसलेले प्रोफेसर, लांब केसांची पोरं यांच्यावर तोंडसुख घ्यायचा. सभेत हिप्पी ओरडायला लागले की म्हणायचा, तुम्हाला चार अक्षरांचे बरेच शब्द येतात, 'वर्क' आणि 'सोप' तेवढे येत नाहीत. जवळजवळ ९९ लाख मतं, साडेतेरा टक्के, पाच राज्यं आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातली ४६ इलेक्टोरल मतं. उत्तरेतल्या कारखान्यांतले कामगारही त्याच्या सभांना यायचे. रिपब्लिकन पक्षाचे निक्सन जिंकले, पण त्यांनी वॉलेसचा मतदार नीट पाहून ठेवला. दक्षिण पुढे रिपब्लिकन होत गेली, त्यातली बरीच भाषा या माणसाची आहे.

१९७० ची गव्हर्नरपदाची निवडणूक त्यानं अतिशय गलिच्छ वंशद्वेषी प्रचार करून जिंकली. लोक १९६३ चं बोलतात. मी १९७० चं बोलतो, कारण तेव्हा त्याचं वय पन्नास होतं, मतदान हक्काचा कायदा होऊन पाच वर्षं झाली होती आणि वारं कुठे वाहतंय हे त्याला दिसत होतं.

१५ मे १९७२ रोजी मेरीलँडमधल्या लॉरेल इथे, बाजारसंकुलाच्या आवारात सभा संपवून तो लोकांशी हात मिळवत होता. आर्थर ब्रेमर या एकवीस वर्षांच्या तरुणानं जवळून गोळ्या झाडल्या. आणखी तिघं जखमी झाले. वॉलेस कमरेखाली कायमचा लुळा झाला. दुसऱ्या दिवशी मेरीलँड आणि मिशिगन, दोन्ही प्रायमरी त्यानं जिंकल्या. इस्पितळात त्याला भेटायला शर्ली चिसम गेल्या. काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत त्याची प्रतिस्पर्धी. तुमची माणसं काय म्हणतील, त्यानं विचारलं. काय म्हणतील ते ठाऊक आहे, पण तुमच्यावर जे आलं ते कोणावरही येऊ नये, असं त्या म्हणाल्या. तो रडला. चिसमना स्वतःच्या माणसांची बोलणी खावी लागली. दोन वर्षांनी घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या कायद्यात आणायचं होतं, तेव्हा त्यानं दक्षिणेतल्या काँग्रेस सदस्यांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला.

माफीचं सत्र यानंतरचं. १९७९ मध्ये तो जॉन लुईस यांना भेटला. पेटस पुलावर ज्यांची कवटी फुटली ते हे लुईस. त्यांनी माफ केलं, आणि तो मनापासून बोलत होता असं पुढे लिहूनही ठेवलं. १९८२ च्या निवडणुकीचं मात्र भाबडं वर्णन करू नका. प्रायमरीत बरेच कृष्णवर्णीय नेते त्याच्या विरोधातच होते. नोव्हेंबरात समोर माँटगोमेरीचा कडक रिपब्लिकन महापौर एमरी फोल्मर आला, तेव्हा मतदारांनी दोघांना तोलून पाहिलं आणि वॉलेस घेतला. त्यांनाही गणित येत होतं. त्या शेवटच्या कारकिर्दीत त्यानं कृष्णवर्णीयांच्या नेमणुका पूर्वी कधी नव्हत्या इतक्या केल्या.

मग माझं उत्तर काय? माफी खरी होती, असं मला वाटतं. १९८७ नंतर तो कोणतीच निवडणूक लढणार नव्हता, तरी माफी मागायचं थांबला नाही. १९९५ मध्ये सेल्मा मोर्चाच्या तिसाव्या वर्षी म्हातारे मोर्चेकरी पुन्हा चालत माँटगोमेरीला आले, तेव्हा तो व्हीलचेअरवर त्यांना सामोरा गेला. बहिरा झालेला, बोलता येत नव्हतं, निवेदन दुसऱ्यानं वाचलं. १९९६ मध्ये लर्लीनच्या नावाचा धैर्य पुरस्कार त्याच्या कुटुंबाच्या संस्थेनं व्हिव्हियन मलोन यांना दिला. मतांसाठी एवढं कोणी करत नाही. पण 'बदलला' हा शब्द मला मान्य नाही. बदलायला आधी वेगळं काही मानावं लागतं. मुलाखतींतून तो म्हणत राहिला, मी सेग्रिगेशनवाला होतो, द्वेष्टा नव्हतो, माझा लढा राज्यांच्या हक्कांसाठी होता. ते खरं धरलं तर गुन्हा वाढतो. कट्टर क्लॅनवाला निदान स्वतःच्या खोट्यावर विश्वास तरी ठेवत होता. 'मिस्टर चेस्टनट' म्हणणाऱ्याला तीही सवलत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नातला 'की' मी काढून टाकीन. मतांसाठी जे केलं तेही त्यानंच केलं, माफी मागितली तीही त्यानंच. माफ करायचं की नाही हे लुईस, मलोन, हूड यांनी आपापलं ठरवलं. हूड तर १९९८ च्या सप्टेंबरात त्याच्या अंत्यविधीलाही हजर होते.

एक राहिलं. १९९५ मध्ये वॉलेसनं तुरुंगातल्या ब्रेमरला पत्र लिहिलं, की मी तुला माफ केलं आहे. ब्रेमर २००७ मध्ये सुटला. त्या पत्राला त्यानं उत्तर दिलं नाही.